मालगाडीच्या रुळांवर पुन्हा प्रवासी : नॉर्थम्बरलँड रेल्वेमार्गाची वाटचाल

इंग्लंडच्या ईशान्येस, न्यूकॅसलच्या उत्तरेकडील खाणपट्ट्यात रेल्वे आली ती कोळशासाठी. १८४० मध्ये सेगहिलच्या खाणीपासून टाईन नदीपर्यंत रूळ पडले. पुढे परिसरातील खाणमार्ग एका छत्राखाली आणून १८५२ मध्ये संसदेच्या कायद्याने ‘ब्लाइथ अँड टाईन रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली. कोळसा बंदरावर पोचवणे हा तिचा मूळ धंदा. मालामागोमाग उतारूही आले. १८६४ मध्ये कंपनीने न्यूकॅसल शहरात स्वतःचे स्थानक उघडले, १८७२ मध्ये समुद्रकाठच्या न्यूबिगिनपर्यंत फाटा नेला आणि १८७४ मध्ये ती नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत विलीन झाली. त्याच फाट्यावर १८७८ मध्ये सुरू झालेले ‘हर्स्ट’ स्थानक १८८९ पासून ‘अ‍ॅशिंग्टन’ म्हणून ओळखले जाऊ लागले. जगातले सर्वांत मोठे खाणगाव अशी अ‍ॅशिंग्टनची ख्याती होती. फुटबॉलपटू बॉबी आणि जॅक चार्लटन हे बंधू याच गावचे.

तोट्यातील मार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालाने ब्रिटनमधील शेकडो स्थानकांवर गदा आणली. २ नोव्हेंबर १९६४ रोजी या मार्गावरील प्रवासी सेवाही बंद झाली. स्थानके गेली, रूळ मात्र राहिले. खाणींतून कोळसा आणि नंतरच्या काळात ब्लाइथ बंदरातून लाइनमाउथच्या कारखान्याकडे अ‍ॅल्युमिना वाहणाऱ्या मालगाड्या धावतच होत्या. पुढे सगळी आशा टिकून राहिली ती एवढ्याच आधारावर.

त्यानंतरची दशके कठीण होती. अ‍ॅशिंग्टनची खाण १९८८ मध्ये बंद पडली, एलिंग्टनची २००५ मध्ये. लाइनमाउथचा अ‍ॅल्युमिनियम कारखाना २०१२ मध्ये थांबला. गावातली कामे गेली आणि कामासाठी शहर गाठायचे तर बसमध्ये तासाहून अधिक वेळ मोडू लागला. दाराजवळून रूळ जातात आणि आपल्याला गाडी नाही, हे शल्य त्या वस्त्यांनी चाळीस वर्षे सोसले होते.

या शतकाच्या पहिल्या दशकात आग्नेय नॉर्थम्बरलँडच्या रेल्वे प्रवासी संघटनेने हा प्रश्न हाती घेतला. तिचे कार्यकर्ते स्वयंसेवक. ‘नवा मार्ग नको, आहे त्याच मार्गावर गाडी द्या’ ही त्यांची मागणी साधी होती, म्हणूनच ती टाळणे अवघड झाले. २००९ मध्ये ब्रिटनच्या रेल्वे कंपन्यांच्या संघटनेने पुनरुज्जीवनास योग्य मार्गांची यादी काढली, तीत हा मार्ग होता. नॉर्थम्बरलँड काउंटी कौन्सिलने व्यवहार्यतेचा अभ्यास करून घेतला. सत्ताधारी बदलले, अहवालांची भर पडत गेली, पाठपुरावा थांबला नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने पूर्वतयारीसाठी १५ लाख पौंड दिले, पुढच्या वर्षी ३ कोटी ४० लाख पौंडांची भर पडली आणि २०२२ मध्ये मुख्य बांधकाम सुरू झाले.

मालगाडीचा मार्ग प्रवाशांसाठी तयार करणे म्हणजे नुसते फलाट बांधणे नव्हे. दिवसाकाठी मोजक्या मालगाड्या जातात तिथे रस्त्यावरचे फाटक चालून जाते; अर्ध्या तासाला दोन्ही दिशांनी गाडी येऊ लागली की तेच फाटक गावाची कोंडी करते. म्हणून न्यूशॅम येथे फाटक हटवून रस्ता नव्या पुलावरून नेण्यात आला. ब्लाइथजवळ चेस मेडोज येथे पादचारी पूल झाला, पामर्सव्हिल येथे रुळांखालून भुयारी वाट काढण्यात आली. खरी परीक्षा मात्र जमिनीखाली होती. ज्या कोळशाने हे रूळ राखले, त्याच कोळशाच्या जुन्या खाणींनी जमीन पोखरून ठेवली होती. सेवा सुरू करण्याचा २०२३ अखेरचा मुहूर्त टळला, २०२४ च्या उन्हाळ्याचाही टळला. सुरुवातीला सुमारे १६ कोटी ६० लाख पौंडांचा अंदाज होता. तो खर्च २९ कोटी ८५ लाखांवर गेला. टीका झाली, ती रास्तही होती. तरीही कौन्सिल, रुळांची देखभाल करणारी नेटवर्क रेल, गाड्या चालवणारी नॉर्दर्न ही कंपनी, ‘एकॉम’चे अभियंते आणि ‘मॉर्गन सिंडॉल’चे कामगार यांनी काम अर्ध्यावर सोडले नाही. सगळी स्थानके एकदम पूर्ण होण्याची वाट न पाहता तयार असतील ती उघडावीत, हा निर्णय विशेष शहाणपणाचा ठरला.

१५ डिसेंबर २०२४ रोजी, साठ वर्षांनी, अ‍ॅशिंग्टनहून प्रवासी गाडी सुटली. त्या दिवशी अ‍ॅशिंग्टन आणि सीटन डेलावल ही दोनच नवी स्थानके खुली होती. तरी पहिल्या महिन्यातच ५० हजारांहून अधिक प्रवास नोंदले गेले. १७ मार्च २०२५ रोजी न्यूशॅम आणि त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला ब्लाइथ बेबसाइड स्थानक सुरू झाले. बेडलिंग्टन आणि न्यूकॅसल परिसरातील मेट्रोला जोडणारे नॉर्थम्बरलँड पार्क ही स्थानके त्यापुढच्या टप्प्यासाठी ठेवण्यात आली. अ‍ॅशिंग्टन ते न्यूकॅसल हे सुमारे २९ किलोमीटरचे अंतर आता ३५ मिनिटांत कापले जाते आणि सेवा सुरू झाली तेव्हा एकेरी तिकीट ३ पौंडांच्या आत ठेवण्यात आले. लाइनमाउथच्या वीज केंद्राला लागणारे लाकडी इंधन घेऊन जाणाऱ्या मालगाड्याही याच रुळांवरून धावतात.