माता आउ ही मादे
‘पुन्हा भेटीच्या दिवसापर्यंत’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला जपानी युद्धकालीन शोकात्म प्रेमपट. दिग्दर्शक तादाशी इमाई (१९१२–९१), निर्मिती तोहो, प्रदर्शन मार्च १९५०. पहिल्या महायुद्धातील पॅरिसवर आधारलेल्या रोमँ रोलां (१८६६–१९४४) यांच्या प्येअर ए ल्यूस (१९२०) या फ्रेंच लघुकादंबरीचे हे रूपांतर असून पटकथा योको मिझुकी व तोशिओ यासुमी यांची आहे.

न्यायाधीशाचा मुलगा साबुरो (एइजी ओकादा) आणि चित्रे काढून उदरनिर्वाह करणारी केइको (योशिको कुगा) यांची हवाई हल्ल्याच्या वेळी भुयारी आश्रयस्थानात गाठ पडते. साबुरोला सैन्यात जाण्याचा हुकूम येतो. अखेरच्या भेटीसाठी केइको रेल्वेस्थानकावर थांबली असता बाँबहल्ल्यात मरण पावते. साबुरोही रणांगणातून परतत नाही.

या कथेमागे प्रत्यक्ष इतिहास आहे. १९४३ च्या शरद ऋतूत जपान सरकारने मुख्यतः कायदा व मानव्यविद्या शाखांच्या विद्यार्थ्यांना लष्करभरतीतून मिळणारी सवलत रद्द केली आणि २१ ऑक्टोबर रोजी टोकिओतील मेइजी उद्यानाच्या क्रीडांगणावर भर पावसात त्यांचा निरोप समारंभ झाला. कालक्रमाबाबत मात्र चित्रपट काटेकोर नाही. एप्रिल १९४२ मधील एकमेव हल्ल्यानंतर टोकिओवर विमाने आली ती नोव्हेंबर १९४४ मध्ये. चित्रपटातील १९४३ चे हल्ले हे वस्तुतः रोलांच्या पॅरिसचे ऋण होय. प्रेक्षकांना ही विसंगती जाणवली नसावी, कारण त्यांच्या आठवणीत भरती आणि बाँबवर्षाव एकाच काळोखात मिसळले होते.

चित्रपटातील सर्वांत प्रसिद्ध दृश्य खिडकीचे आहे. बाहेर बर्फ पडत असता साबुरो परत फिरतो आणि दोघे काचेच्या आडून चुंबन घेतात. १९३९ च्या चित्रपट कायद्याखाली पटकथांची पूर्वतपासणी होत असे आणि असे दृश्य अशक्यच होते. १९४६ पासून अमेरिकन प्रशासनाच्या प्रोत्साहनाने पडद्यावर चुंबने आली, ती बहुधा कृत्रिम वाटत. इमाईंनी मध्ये काच ठेवून संकोच राखला, तसेच या प्रेमातील अपुरेपणही दाखविले. कथानकातील अतिभावुकता (ती उत्तरार्धात बरीच आहे) या एका दृश्यामुळे सुसह्य होते.

युद्धकाळात इमाईंनी स्वतः सरकारी धोरणाला पोषक चित्रपट काढले होते. त्या पार्श्वभूमीवर येथील युद्धविरोधाला प्रायश्चित्ताची छटा येते. तथापि युद्ध कोणी लादले, हा प्रश्न चित्रपट फारसा विचारीत नाही. साबुरोचा लष्करी वृत्तीचा भाऊ तेवढा त्या विचारसरणीचा प्रतिनिधी ठरतो. आक्रमणाखाली भरडलेला चीन वा आग्नेय आशिया येथे कोठेच नाही.

किनेमा जुम्पो या नियतकालिकाच्या १९५० च्या क्रमवारीत चित्रपटास प्रथम स्थान मिळाले. प्रदर्शनानंतर तीनच महिन्यांनी कोरियन युद्ध पेटले. त्याच वर्षी चित्रपटसंस्थांतून साम्यवादी समजल्या जाणाऱ्यांना काढून टाकण्याची मोहीम झाली आणि इमाईंनी पुढचा चित्रपट, दोक्कोई इकितेरू (१९५१), मोठ्या संस्थांबाहेर स्वतंत्रपणे निर्माण केला. ओकादा पुढे आलँ रेने यांच्या हिरोशिमा मोनामूर (१९५९) मध्ये नायक म्हणून जगापुढे आले.