बोगनवेलीचें नांव

डहाणूच्या चिकूच्या वाड्यांमधून तलासरीकडे निघालें, कीं वाटेंत एखाद्या घराच्या कुंपणावर बोगनवेल फुललेली दिसते. तिच्या नांवांतील ‘वेल’ आपलीच, असें वाटावें. परंतु तो आहे बोगनव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या नांवाचा शेवट. मराठी जिभेनें त्याची वेल केली.

१७६६ ते १७६९ या काळांत बोगनव्हीलनें पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या ताफ्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमर्सन यानें १७६७ सालीं ब्राझीलमध्यें रिओ येथें ही वेल मिळविली. पायाच्या दुखण्यानें जेरीस आलेल्या कॉमर्सनचें ओझें वाहणारा, त्याच्यासाठीं वनस्पती जमविणारा त्याचा ‘नोकर’ ही वस्तुतः झान बारे नांवाची स्त्री होती. फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर स्त्रियांना मज्जाव असल्यामुळें ती पुरुषवेषांत आली होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ती पहिली ज्ञात स्त्री होय. १७८५ सालीं फ्रेंच नौखात्यानें तिला वर्षासन दिलें. १७८९ सालीं वेलीचें शास्त्रीय नांव ग्रंथांत छापलें गेलें, तें मात्र कप्तानाचें! आज बारेच्या नांवानें ओळखली जाणारी वनस्पती, बटाटा-वांग्याच्या कुळांतली, शास्त्रांत आली ती २०१२ सालीं.

बोगनवेलीचीं रंगीत दिसतात तीं फुलें नव्हेत, पानें होत. खरें फूल आंत, इवलेंसें, पांढरट असतें. कुंपणाशीं क्षणभर थांबून तें पाहावें, आणि ओझें वाहणारीचेंही स्मरण करावें.