ओवी-संकलन, जात्यावरचे

जात्यावर दळताना स्त्रियांनी रचलेल्या आणि मौखिक परंपरेने टिकलेल्या ओव्यांची नोंद व ध्वनिमुद्रण. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात पुण्याहून हे काम उभारले. पुढे ध्वनिमुद्रणात बर्नार बेल यांची साथ मिळाली. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. बीड जिल्ह्यातील धारूरलगतच्या माजलगावात १९९६ मध्ये दलित स्त्रियांच्या बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेमार्फत हा संग्रह सर्वांसाठी खुला होत आहे.

अल्पपरिचित गायन श्रोत्यांपर्यंत नेणारे खरे साधन संकलनच असते, हे यावरून दिसते. अमेरिकेत शिकागोच्या न्यूमेरो ग्रुप या ध्वनिमुद्रिका कंपनीने २००४ मध्ये कोलंबस शहरातील बंद पडलेल्या कॅपसोल या ध्वनिमुद्रिका कंपनीची सोल गाणी एकत्र काढली, तेव्हाही विस्मृतीत गेलेल्या गायकांना नवे श्रोते मिळाले. संकलनात ओवी जात्यापासून तुटते आणि निवड संकलकाच्या आवडीवर ठरते, असे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला अंशतः खरा आहे. मात्र पिठाच्या गिरण्यांनी ती साथ आधीच सोडवली होती. दुसऱ्याचे उत्तर पद्धतीत आहे: या संग्रहात मोजक्या उत्तम ओव्या न वेचता मिळेल ती ओवी गायिकेचे नाव, गाव व जात यांसह नोंदवली गेली. अशी नोंद नसलेले संकलन केवळ करमणूक करते. नोंदीसह केलेले संकलन गायिकेला तिचे कर्तृत्व परत देते. धारूरसारख्या तालुक्यांत वयोवृद्ध गायिका हयात असेतो हे काम गावोगाव झाले पाहिजे.