जुन्या घरांतील विजेच्या तारा

आपणांपैकीं अनेकांचें गांवीं वडिलोपार्जित घर असेल. तेथें माजघराच्या तुळईवरून एखादी सागवानी पट्टी गेलेली दिसते. तिचें झांकण काढलें तर आंत दोन खांचा व त्यांत रबरी आवरणाच्या तारा आढळतात. त्यांचा इतिहास जाणल्यावांचून त्यांच्यापासूनचा धोका नीट ध्यानांत येत नाहीं.

मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं धांवूं लागली. १९१५ सालीं लोणावळ्याकडील तलावांच्या पाण्यावर खोपोलीस वीज निर्माण होऊं लागली व ती मुंबईच्या गिरण्यांस मिळाली. बहुतेक खेड्यांच्या वांट्यास मात्र पुढेंहि कित्येक वर्षें कंदीलच होता. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत खेडोपाडीं विजेचे खांब उभे राहिले.

त्या काळीं घरांत वीज आली ती मुख्यत्वें दिव्यांपुरती. ४० वॅटचे पांच दिवे म्हणजे २०० वॅट. २३० व्होल्टच्या दाबास हा प्रवाह एक अँपिअरहि भरत नाहीं. तारतंत्र्यानें त्याच हिशेबानें बारीक तार ओढली, व त्याचें काम चोख होतें. आज त्याच तारेवर २००० वॅटचा गीझर लावतात. प्रवाह दसपट होतो. परंतु उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें ती शंभरपट होते!

पुढें पी.व्ही.सी.चें आवरण सर्वत्र रूढ झालें. पण तत्पूर्वींच्या रबरास वयाची मर्यादा आहे. उष्णतेनें व हवेनें तें कडक होऊन तडकतें. तार जागच्या जागीं असेतोंवर सारें ठीक दिसतें; नवा दिवा बसवितांना ती वांकविली कीं आवरणाचे तुकडे गळून पडतात. त्यांत पावसाळ्याची ओल, आणि तारेभोंवतीं वाळकें लांकूड! फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार घालणें म्हणजे पहारेकऱ्यास झोंपविणें होय. शिवाय जमिनीशीं जोडणारी तिसरी तार अशा घरांत बहुधा नसते. इस्तरीच्या पत्र्यांत वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जाण्यास माणसाच्या शरीराची वाट मोकळी राहते.

म्हणून परवानाधारक तारतंत्र्याकडून मेगर लावून तारांची परीक्षा करवावी. जीर्ण रबरी तारांस ठिगळें न लावतां त्या समूळ बदलाव्या. गीझर व पंप यांस स्वतंत्र तारा द्याव्या, अर्थिंग करवावें, आणि ३० मिलिअँपिअर गळती होतांच पुरवठा तोडणारें उपकरण बसवावें. खर्च एकदम झेपत नसेल, तर तोंवर या तारांवर दिव्यांखेरीज कांहीं लावूं नये. गणेशोत्सवास सारें कुटुंब गांवीं जमतें, आणि घरांत विजेचा वापर त्याच दिवसांत सर्वांत अधिक असतो. हें काम त्यापूर्वींच उरकावें.