बेट निवडण्याआधी ऋतू निवडावा

जोयडा तालुक्याला समुद्रकिनारा नाही. तरीही या तालुक्याचे समुद्राशी नाते जुने आहे. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ, सदाशिवगडाच्या पायथ्याशी अरबी समुद्राला मिळते. सुप्याच्या धरणाने जुने सुपे गाव पोटात घेतले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. परंतु नदीची समुद्राकडची वाट तीच राहिली. अणशीचा घाट उतरून कद्र्यावरून कारवार गाठले, की किनाऱ्यावरून समुद्रातली बेटे दिसू लागतात. जवळचे कूर्मगड, दीपगृहाचे देवगड आणि दक्षिणेकडे बिणग्यासमोरचे अंजदीव.

अलीकडे आपल्या कुटुंबांतही बेटांवर सुटीला जाण्याची चाल पडली आहे. पुण्यास वा बंगळुरास नोकरी करणारी मुले आईवडिलांना अंदमान दाखवतात. कोणी लक्षद्वीपला जातो, कोणी मॉरिशसला. स्थळ ठरते ते बहुधा छायाचित्रे पाहून, आणि तारखा ठरतात त्या रजा व भाडे पाहून. ऋतूचा विचार झालाच तर शेवटी. आपल्या समोरच्या बेटांचा पाचशे वर्षांचा इतिहास मात्र हा क्रम उलटा असावा असे सांगतो. आधी ऋतू पाहावा, मग जाणाऱ्याची प्रकृती, आणि त्यानंतर बेटाचे नाव काढावे.

अंजदीवाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. वास्को द गामा १४९८ साली मालिंदीहून २४ एप्रिलला निघाला. वारा पाठीशी होता आणि सोबत जाणता वाटाड्या होता. चार आठवड्यांच्या आत, २० मे रोजी, तो कालिकतला पोहोचला. परतीच्या वेळी त्याने वाऱ्याची वाट पाहिली नाही. ऑगस्टअखेर कालिकत सोडून तो सप्टेंबरमध्ये अंजदीवाला थांबला. तेथे जहाजांची डागडुजी केली, गोडे पाणी भरले आणि ५ ऑक्टोबरला तो आफ्रिकेच्या दिशेने निघाला. ईशान्येचे वारे अजून स्थिरावले नव्हते. जो समुद्र जाताना चार आठवड्यांत ओलांडला होता, त्यालाच परतताना जवळजवळ तीन महिने लागले. तीसएक माणसे त्या प्रवासात हिरड्या सुजून, अंगावर डाग उठून मेली. ईशान्येचे वारे स्थिर होईपर्यंत दोन महिने थांबण्याची या किनाऱ्यावरच्या नाखव्यांची जुनी रीत त्याने पाळली असती, तर त्यांतली बरीच माणसे वाचली असती.

पुढचे उदाहरण याहून दुःखद आहे. १६६१ च्या विवाहतहाने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि ते ताब्यात घेण्यासाठी सर अब्राहम शिपमन १६६२ च्या पावसाळ्यानंतर सैन्यासह आला. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट देण्यास नकार दिला. परत जावे तर आज्ञा नाही, उतरावे तर जागा नाही, अशा स्थितीत ही चार-पाचशे माणसे अंजदीवावर राहिली. हिवाळ्यात ते बेट रमणीय असते : झाडी आहे, गोड्या पाण्याचे झरे आहेत. पण पुरेसा निवारा, पथ्याचे अन्न आणि औषध यांपैकी काहीही नसताना या किनाऱ्यावरचा पाऊस अंगावर घेणे ही वेगळीच गोष्ट. ताप आणि हगवण यांनी तळ पोखरला. एप्रिल १६६४ मध्ये शिपमन स्वतः तेथेच वारला. पुढच्या पावसाळ्यानंतर उरलेल्यांची गणती केली तेव्हा जेमतेम शंभराच्या आसपास माणसे शिल्लक होती. तेवढीच घेऊन हम्फ्री कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला. त्यांच्याशी कोणी लढाई केली नव्हती. एका बेटावर अवेळी राहणे त्यांना भोवले.

त्याच वर्षी, याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेला काय चालले होते ते पाहावे. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली. पाऊस सरलेला, समुद्र निवळलेला, दगड-चुना होडीतून नेण्यास पुढचे सहा महिने मोकळे. अंजदीवावर इंग्रज आपली मेलेली माणसे मोजत होते त्याच सुमारास शिवाजी महाराजांचे लोक मालवणच्या बेटावर पाया खणत होते. दोघांचा समुद्र एकच; फरक होता तो पंचांग जाणण्याचा. पुढे फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराजांनी स्वतः समुद्रमार्गे बसरूरवर स्वारी केली, ती माघ-फाल्गुनात. गोकर्ण, अंकोला करीत ते त्या महिन्याच्या अखेरीस काळी नदीच्या मुखाशी आले आणि कारवारच्या वखारवाल्या इंग्रजांना खंडणीतला आपला वाटा, ११२ पौंड, मोजावा लागला. ग्रँट डफने मात्र एक गोष्ट नोंदवली आहे : वायव्येच्या वाऱ्यांनी या आरमाराची परतीची वाट काही दिवस अडवली होती. अनुकूल ऋतूतही परतीसाठी दोन दिवस हाताशी राखून ठेवावेत, हा धडा आजच्या विमानप्रवाशालाही लागू पडतो.

पोर्तुगीजांनी १६८२ मध्ये अंजदीवावर नवा किल्ला उभारला, तो संभाजी महाराजांच्या आधी जागा अडवण्यासाठी. युद्धांच्या काळात लोकांनी या बेटाचा आश्रयही घेतला. त्यांना ऋतू निवडण्याची सवड नव्हती. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय नौदलाने बेट मुक्त केले तेव्हा सात नौसैनिकांनी तेथे प्राण दिले. अंजदीव आज नौदलाच्या तळात सामावले आहे. बांध घालून ते जमिनीला जोडले गेले आहे आणि सामान्य माणसास तेथे प्रवेश नाही. २ फेब्रुवारी आणि ४ ऑक्टोबर या तेथील सणांना गोव्याहून येणाऱ्या भाविकांच्या होड्या इतिहासजमा झाल्या. हे दोन्ही दिवस समुद्र मोकळा असतानाचेच होते, हेही ध्यानात घ्यावे.

कूर्मगड मात्र अजून आपला आहे. पौष पौर्णिमेला तेथील नरसिंहाची जत्रा भरते आणि कोळी बांधवांसह पंचक्रोशीतील माणसे नावांतून बेटावर जातात. तिथीची निवड डोळस आहे. आषाढ-श्रावणात हा समुद्र नावेला उभे करत नाही; आजही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस कायद्याने बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा केल्यावाचून जुना कोळी नाव लोटत नाही. पौषात थंडी असते, आभाळ निरभ्र असते आणि सकाळचा समुद्र संथ असतो. असे असूनही २१ जानेवारी २०१९ रोजी जत्रेहून परतणारी एक नाव उलटून सोळा जणांचा अंत झाला. त्यांत लहान मुलेही होती. नावेत माणसे फार झाली होती आणि तरंगजाकिटे अंगावर नव्हती, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. ऋतू अनुकूल असला तरी समुद्र एवढ्याने निर्धोक होत नाही. नाव किती माणसांची आहे, दुपारनंतर वारा वाढण्यापूर्वी आपण परततो आहोत की नाही, सोबत म्हातारे आणि मुले किती, हे प्रश्न ऋतूइतकेच महत्त्वाचे आहेत.

येथवरचा इतिहास मनात ठेवून दूरच्या बेटांकडे वळू. प्रत्येक बेटाचे पावसाळ्याशी नाते निराळे आहे आणि आपल्या पावसावरून त्याचा अंदाज बांधू नये.

अंदमानाला नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्या आधी गाठतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच तो तेथे दाखल होतो, कारवारला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्यामुळे शाळेच्या सुटीचा शेवटचा आठवडा अंदमानासाठी ठेवणे चुकीचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातील वादळे असतात. जानेवारी ते एप्रिलचा मध्य हा तेथला खरा काळ. इंग्रजांची १७८९ ची पहिली अंदमान-वसाहत रोगराईपायी १७९६ मध्ये मोडावी लागली, हे अंजदीवाचेच पुनरावर्तन होय. सेल्युलर जेल पाहण्यास आपण जातो. सावरकर तेथे ४ जुलै १९११ रोजी उतरले, पाऊस ऐन भरात असताना. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम् झाले. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांनी मुक्काम तेथेच ठेवून जेल, संग्रहालये आणि समोरचे रॉस बेट (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) पाहावे. पाण्यात उतरण्याची हौस असलेल्या तरुणांनी पुढच्या बेटांवर जावे.

लक्षद्वीपच्या छत्तीस बेटांपैकी दहा वस्तीची आहेत. जाण्यास परवाना लागतो आणि जहाजे कोचीहून सुटतात. डिसेंबर ते मार्च हा उत्तम काळ; पावसाळ्यात जहाजांच्या फेऱ्या रोडावतात. अनेक बेटांशी जहाज धक्क्याला लागत नाही, भर समुद्रात लहान नावेत उतरावे लागते. म्हणून ज्यांचा तोल जातो वा हात धरून जिने चढावे लागतात अशांनी जहाजाऐवजी आगत्तीचे विमान घ्यावे. ज्यांना निवांतपणा आणि खाजणाचे उथळ, निळे पाणी हवे, त्यांच्यासाठी ही बेटे. देवालये, बाजार आणि इतिहास शोधणाऱ्याला तेथे चार दिवस जड जातील.

श्रीलंकेत तर एकाच बेटावर दोन ऋतू नांदतात. कोलंबो-गालेचा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च चांगला, तर त्रिंकोमलीकडचा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर. मेच्या सुटीत मुलांना घेऊन जाणाऱ्याने तेथे किनारा बदलावा, म्हणजे सुटी बदलावी लागत नाही.

आणि मॉरिशस. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथले ऋतुचक्र आपल्या उलट फिरते. नोव्हेंबर ते एप्रिल हा उष्णतेचा आणि चक्रीवादळांचा काळ. १८९२ चे एप्रिलमधले, १९६० आणि १९७५ चे फेब्रुवारीतले वादळ तेथील लोकांच्या स्मरणात आहे. म्हणजे आपली नाताळची सुटी तेथे धोक्याच्या हंगामात पडते. मे ते ऑक्टोबर मात्र हवा कोरडी आणि शीतल असते. जोयड्यात घराबाहेर पाऊल टाकणे कठीण होते, अणशीच्या घाटात दरडींची धास्ती असते, तेव्हा मॉरिशसला ऊन पडलेले असते. शेतीची जबाबदारी पुढच्या पिढीकडे सोपवलेल्या ज्येष्ठांनी भाद्रपद साधावा. कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे गणेश चतुर्थी साजरी करतात, तो दिवस त्या देशात सार्वजनिक सुटीचा असतो आणि विसर्जन समुद्रात होते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच्या पायऱ्या चढताना आपल्याच भाषेची माणसे तेथून वर गेली होती, हे आठवल्यावाचून राहात नाही.

त्या माणसांना कोणत्या महिन्यात निघावयाचे हे कोणी विचारले नव्हते. शिपमनच्या शिपायांनाही नाही, युद्धकाळात अंजदीवावर आश्रय घेणाऱ्यांनाही नाही आणि काळ्या पाण्याच्या कैद्यांना तर नाहीच. बेटांचा इतिहास बव्हंशी अशा, दुसऱ्याच्या आज्ञेने अवेळी पाठवल्या गेलेल्या माणसांचा इतिहास आहे. आपल्याला ऋतू निवडता येतो, बेट निवडता येते आणि प्रकृती पाहून घरी राहण्याचे ठरवता येते. ही मुभा नवी आहे, फार तर दोन-तीन पिढ्यांची. ती विमानाच्या स्वस्त तिकिटाच्या तारखेवर सोडून देऊ नये. आपल्या घरांत पंचांग अजून भिंतीवर आहे. मुहूर्तासाठी ते आपण पाहतोच. पुढच्या वेळी समुद्रासाठीही पाहावे, आणि तारखा ठरण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की होडीत उतरणे त्यांना झेपेल का.