डिकीची गाडी आणि तिच्यातली सुखं

लग्नाचं वऱ्हाड असो, तालुक्याला बँकेचं काम असो, नाहीतर रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं असो, गावात भाड्याने मिळते ती बहुतेक वेळा डिकीची गाडी. पुढे इंजिन, मध्ये माणसं, मागे सामानाची डिकी. कंपनीवाले हिला सेडान म्हणतात. या गाडीत आता किती सोयी असतात बघा: एसी, काच पुसणारा वायपर, चावी फिरवली की सुरू होणारं इंजिन, खाली-वर होणारी सीट. या सोयी कोणी केल्या, कोणाच्या मापाने केल्या, आणि आपण बायका त्यात कुठे होतो, तेवढंच आज सांगायचं आहे.

आधी नावाचं बघू. मोटार निघण्याच्या अडीचशे वर्षं आधी युरोपात सेडान म्हणायचे ते एका बंद खुर्चीला. दोन दांड्यांवर पेटीसारखी खोली, तिला खिडकी, पुढे एक भोई आणि मागे एक भोई. आपला मेणाच म्हणा ना! पुढे १९१२च्या सुमारास अमेरिकेत छप्पर आणि काचा असलेल्या बंद मोटारीला हेच नाव मिळालं.

कारण पहिल्या मोटारी बंद नव्हत्याच. टांग्याचा घोडा सोडून खाली इंजिन बसवावं, तशा त्या उघड्या. ऊन, पाऊस, धूळ, सगळं अंगावर. अशाच एका गाडीतून १८८८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतली बर्था बेंझ ही बाई दोन मुलांना घेऊन माहेरी निघाली. गाडी तिच्या नवऱ्याने, कार्ल बेंझने, बनवलेली. पण निघताना त्याला सांगितलंसुद्धा नाही. मानहाइम ते फोर्त्सहाइम, शंभरेक किलोमीटरची वाट. इतक्या लांब तोवर कोणी मोटार नेली नव्हती. इंधन संपलं तेव्हा ते औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने साफ केली. उताराला ब्रेक झिजले तेव्हा वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. गाडीत काय कमी आहे हे लांबचा प्रवास केल्यावरच कळतं, आणि तो पहिला प्रवास एका बाईने केला.

तरी गाडी बाईची नव्हे असंच लोक म्हणत राहिले. त्याला एक कारण होतं ते हँडल. इंजिन सुरू करायला समोर उभं राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावं लागे. ते उलट झटका देई आणि मनगट, हात मोडत. त्यापेक्षा बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या बऱ्या, हँडल नाही, धूर नाही, म्हणून कंपन्या त्या बायकांना विकायच्या. पेट्रोलच्या मोटारी घराघरात पोचवणारा हेन्री फोर्ड, त्याची बायको क्लारासुद्धा बॅटरीची गाडी चालवायची. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडलची कटकट सुटली. गंमत अशी, की बायकांना जमत नाही म्हणून सोय केली असं म्हणायचे, आणि हात वाचले ते पुरुषांचेही.

आता वायपरची गोष्ट. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मेरी अँडरसन नावाची बाई राहायची. १९०३च्या आसपास थंडीत ती न्यूयॉर्कला गेली होती. ट्राममध्ये बसली असताना तिने पाहिलं, की बर्फ पडतोय आणि ड्रायव्हरला दिसावं म्हणून त्याने समोरची काच उघडली आहे. तो गारठतोय आणि आतली माणसंही गारठताहेत. घरी येऊन तिने विचार केला: काचेवर बाहेरून रबराची पट्टी फिरवायची आणि ती हलवायचा दांडा आत ठेवायचा. १९०३च्या नोव्हेंबरमध्ये तिला त्याचं पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे ही कल्पना माझी, दुसऱ्या कोणी वापरली तर मला मोबदला द्यावा, असा सरकारी कागद. ती कल्पना घेऊन ती कॅनडातल्या एका कंपनीकडे गेली. त्यांनी कळवलं, यातून काही धंदा होईल असं वाटत नाही. पेटंटची मुदत सतरा वर्षं, ती १९२०मध्ये संपली. त्यानंतर तर घरटी वायपर झाला. मेरीला त्यातून एक पैसा मिळाला नाही. आज जगातल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर तिचं काम डावी-उजवीकडे फिरतंय.

इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट नावाची बाई मोटारींच्या शर्यती जिंकायची. १९०९च्या आपल्या पुस्तकात तिने बायकांना सांगितलं, जवळ छोटा हातआरसा ठेवा, मागून काय येतंय ते त्यात दिसेल. गाड्यांना कंपनीचा आरसा बसायला त्यानंतर बरीच वर्षं लागली.

एसीचं थोडक्यात सांगते. १९४०च्या सुमारास अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने पहिल्यांदा गाडीत बसवून दिला. यंत्राने डिकीची बरीच जागा खाल्ली होती. सामान ठेवायचं कुठे? पुढे यंत्र लहान होत गेलं आणि पुढे गेलं.

आणि मग बायकांसाठी खास गाडी निघाली! १९५५ साली डॉज कंपनीने ‘ला फेम’ आणली. फ्रेंचमध्ये ला फेम म्हणजे बाई. रंग गुलाबी-पांढरा, सोबत जुळणारी पर्स, लिपस्टिक, छत्री आणि रेनकोट. इंजिन, सीट, सगळी मापं मात्र तीच. दोन वर्षांत गुंडाळावी लागली. बाईला काय हवं हे कोणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे तेव्हा निवडायला फारसं काही नव्हतंच. बंगालात बनणारी अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट. तिलाच पुढे राणीच्या नावावरून पद्मिनी म्हणू लागले. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, त्यामुळे पुढची सीट बाकड्यासारखी सलग आणि तिघं आरामात बसत. वाऱ्याला दारावरची त्रिकोणी काच, तीच आपली एसी. स्टिअरिंग मात्र दोन्ही हातांनी ओढावं लागे. पॉवर स्टिअरिंग, एसी असलेल्या होंडा सिटीसारख्या गाड्या आल्या त्या १९९८च्या सुमारास.

आता मापाचं सांगते, कारण खरी मेख तिथे आहे. पोटावरून आणि खांद्यावरून जाणारा पट्टा १९५९ साली स्वीडनमध्ये व्होल्वो कंपनीच्या निल्स बोहलिनने केला. कंपनीने तो सगळ्यांना वापरू दिला. लाखो जीव वाचले. पण गाडी आपटून तपासायची तेव्हा आत बसवायचा पुतळा वर्षानुवर्षं पुरुषाचा होता, उंची पावणेसहा फुटांच्या आसपास, वजन अठ्ठ्याहत्तर किलोच्या आसपास. बाईचा म्हणून जो आला तो पुरुषाचाच लहान केलेला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०११च्या अभ्यासात दिसलं, की सारख्याच अपघातात पट्टा लावलेल्या बाई ड्रायव्हरला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त होती. शेवटी स्वीडनच्याच संशोधक अस्त्रिद लिंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वसाधारण बाईच्या बांध्याचा पुतळा तयार केला.

म्हणून सीट वर करायचा खटका मला चैन वाटत नाही. पाच फुटांची बाई गाडी चालवताना पुढे सरकून बसते आणि छाती स्टिअरिंगला भिडते. एअरबॅग तिथूनच फुटते. मध्ये वीतभराहून थोडं जास्त, दहा इंच तरी अंतर हवं. दाराजवळच्या खांबावर पट्ट्याची कडी खाली-वर होते का तेही बघा. पट्टा गळ्यावर नको, खांद्यावर हवा. पोटुशी बाई असेल तर खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर ओटीपाशी, आणि वरचा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने.

मागे बसलं की पट्टा लागत नाही, असं आपल्यात सर्रास म्हणतात. २०२२च्या सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. गाडी महागडी होती, एअरबॅगा होत्या.

आपल्या भाड्याच्या गाडीत मागचे पट्टे असतात. बकल मात्र सीटच्या नव्या कव्हरखाली दाबलेलं असतं. बसण्याआधी ड्रायव्हरदादाला सांगून ते वर काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.