सीमेवरची माणसे आणि आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या

कल्याणहून निघालेली लोकल कळवे सोडून खाडीच्या पुलावर आली की गाडीचा आवाज बदलतो. डब्यात दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना त्याचे काही वाटत नाही. ठाणे आले, उतरणाऱ्यांनी दाराकडे सरकावे, एवढाच त्या आवाजाचा अर्थ. पण १७३७ साल उजाडेपर्यंत हे पाणी म्हणजे दोन राज्यांमधली सीमा होती. पलीकडे ठाणे आणि सारी साष्टी १५३४ च्या तहापासून फिरंग्यांच्या ताब्यात, आणि अलीकडे कल्याण मराठ्यांकडे. आज जे अंतर आपण उभ्या उभ्या वर्तमानपत्र वाचत काटतो, ते ओलांडायला त्या काळी परवाना लागे किंवा मग अंधारी रात्र लागे.

या सीमेशी माझी ओळख करून दिली ती कादंबऱ्यांनी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. तिथून वडील दर शनिवारी पुस्तक बदलून आणत, आणि ते आधी कोणी वाचायचे यावरून आम्हा भावंडांत तंटा होई. 'उषःकाल' आमच्याकडे आला तो पाने सुटलेला, दोऱ्याने बांधलेला. हरिभाऊ आपट्यांनी ही कादंबरी १८९५ पासून आपल्या 'करमणूक' पत्रात हप्त्याहप्त्याने छापली. पुढचा अंक येईपर्यंत लोकांनी कसा दम धरला असेल, देव जाणे! आम्हाला सारे पुस्तक हाती असूनही रात्र पुरली नाही. किल्लेदार रंगराव आप्पा विजापूरच्या मिठाला जागणारे, आणि मुलगा नानासाहेब शिवबाकडे ओढला गेलेला. बापलेकांचा हा झगडा मला त्या वयात सगळ्या लढायांहून मोठा वाटला, आणि खरे सांगायचे तर आजही वाटतो. बखरीत माणूस एक तर स्वामिनिष्ठ असतो, नाही तर हरामखोर. दोन निष्ठांच्या कात्रीत सापडून रात्रभर येरझाऱ्या घालणारा माणूस दाखवावा तो कादंबरीकारानेच.

हरिभाऊंच्या आधी, १८७१ साली, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी 'मोचनगड' लिहून ही वाट पाडली होती. तो गड कुठल्याही नकाशावर नाही. आम्ही मात्र मलंगगडाच्या रांगेत त्याची जागा परस्पर ठरवून टाकली होती!

पुढे कॉलेजात असताना जेम्स फेनिमोर कूपर हाती लागला. हा अमेरिकेचा कादंबरीकार, बापाने वसवलेल्या गावात, रानाच्या कडेला वाढलेला. नॅटी बम्पो नावाच्या रानवाटाड्यावर त्याने १८२३ ते १८४१ या काळात पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली १८२६ ची 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' सर्वांत गाजली. साल १७५७, म्हणजे आपल्याकडे प्लासीची लढाई झाली ते. न्यूयॉर्क प्रांताच्या उत्तरेकडच्या रानात एका सरोवराकाठच्या किल्ल्यासाठी इंग्रज आणि फ्रेंच झुंजताहेत, आणि तिथले मूळचे रहिवासी कोणी या बाजूने तर कोणी त्या बाजूने लढताहेत. मार्क ट्वेनने १८९५ मध्ये कूपरची यथेच्छ टिंगल केली. याच्या पुस्तकात ऐन अडचणीच्या वेळी कोणी ना कोणी वाळक्या काटकीवर पाय देतोच, असा त्याचा आक्षेप. आक्षेप खरा आहे. पण मी तो वाचला कूपर वाचून झाल्यावर. काटकी मोडली तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकायचा तो चुकून गेला होता.

ते रान, ते पाणी, तो वेढा वाचताना मला सारखी वसईची मोहीम आठवे. कूपरच्या कथेतला सर्वांत भयंकर प्रसंग खरा घडलेला आहे. फोर्ट विल्यम हेन्री पडला तेव्हा फ्रेंच सेनापती माँकाल्मने इंग्रज शिबंदीला सन्मानाने बाहेर जाऊ देण्याचे कबूल केले होते. ती बाहेर पडताच त्याच्याच बाजूच्या टोळ्यांनी तिच्यावर झडप घातली. त्याच्या अठरा वर्षे आधी, १७३९ च्या मे महिन्यात, वसई पडली. चिमाजी आप्पांनी फिरंग्यांना हत्यारांनिशी, नगारे वाजवीत, निशाणे फडकवीत जाण्याची मुभा दिली, आणि दिलेला शब्द पाळला गेला. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मोकळीक मिळाली.

ही तुलना मी एकदा मोठ्या अभिमानाने मित्रमंडळीत सांगितली. त्यांत ठाण्याचा, मासुंद्या तलावाजवळ राहणारा एक ख्रिस्ती मित्र होता. घरी मराठीच बोलणारा, माझ्याइतकाच कादंबऱ्यांचा शौकीन. त्याने शांतपणे विचारले, "बरं, पुढं? जे मागे राहिले त्यांचं काय झालं, ते तुझ्या कुठल्या कादंबरीत आहे? कारण ते म्हणजे आम्हीच की रे."

काय सांगू! मला एक नाव सुचेना.

तेव्हापासून मी या पुस्तकांकडे जरा निराळ्या नजरेने बघू लागलो. त्यांची गोडी तिळभरही कमी झाली नाही, पण पानावर कोण नाही हे शोधायची सवय लागली. कूपरने तर हद्द केली. त्याने ज्यांचा 'शेवटचा' माणूस दाखवला, त्या मोहिकनांचे वंशज आज विस्कॉन्सिन राज्यात नांदत आहेत, त्यांची स्वतःची पंचायत आहे. एका कादंबरीच्या नावाने जगाची समजूत करून दिली, की ही जमात संपली!

आपल्या लेखकांनी असे कोणाला जिवंतपणी पुरले नाही. पण कडेला किती जणांना उभे केले, ते बघा. नाथमाधवांनी 'सावळ्या तांडेल' लिहून निदान एका तांडेलाचे नाव मुखपृष्ठावर आणले. पण खाडीतले कोळी, मिठागरांवरचे आगरी, रानातले वारली आणि ठाकूर हे कथेत येतात ते वाट दाखवायला, होडी हाकायला, आणि काम झाले की अंधारात नाहीसे होतात. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट घ्या. तिने आमच्या गावाचे नाव घरोघर नेले. १६५७ च्या ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली हे पक्के. या सुनेचा मात्र समकालीन कागदांत आधार नाही. तो नसला म्हणून महाराजांच्या धोरणाला बाध येत नाही. ते सांगायला रांझ्याच्या पाटलाला दिलेल्या शिक्षेचा अस्सल कागद आहेच. माझी तक्रार वेगळी आहे. इतक्या कथा-नाटकांतून ही बाई दरबारात आली, पण तिला आम्ही कधी बोलू दिले नाही.

आणि नॅटी बम्पो शोधायला अमेरिकेत जायलाच हवे होते का? भिवंडीजवळच्या अणजूरचे गंगाजी नाईक घ्या. साष्टीवरच्या मोहिमेआधी फिरंग्यांच्या मुलखाची बातमी काढणारे, माणसे जोडणारे आणि पेशव्यांना वाट दाखवणारे हे घराणे. 'साष्टीची बखर' त्यांचीच हकीगत सांगते. या बखरीच्या जोडीला 'उषःकाल'च्या तोलाची कादंबरी असती, तर कल्याण-ठाण्याच्या पोरांनी ती उशाशी ठेवली असती.

माझ्या मनात मात्र एक आणखी लहान माणूस घर करून आहे. ठाण्याचा किल्ला, जो आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात घेतला. पुढे तिथेच त्यांनी दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याला कैदेत ठेवले. देशी शिपाई फितेल म्हणून पहारा मुद्दाम गोऱ्यांचा. किल्ल्यात एक मराठी मोतद्दार साहेबाच्या घोड्याला खरारा करी आणि खिडकीखाली मोठ्याने गाणे म्हणे. पहारेकऱ्यांना भाषा कळत नव्हती. झाडीत माणसे लपली आहेत, घोडी तयार आहेत, असा त्या गाण्याचा मजकूर होता. १८१६ च्या १२ सप्टेंबरला त्रिंबकजी निसटला. बिशप हेबरने ही हकीगत आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली, ते गाणेही इंग्रजी पद्यात दिले. मोतद्दाराचे नाव मात्र दिले नाही.

परवा त्या जुन्या मित्राला ही गोष्ट सांगितली. आता दोघांचेही केस पिकले आहेत. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग हसून म्हणाला, "गाणं मराठीत होतं ना? मग किल्ल्याबाहेर आमच्यापैकी कोणीतरी ते ऐकलं असणार. आणि कळूनसुद्धा गप्प बसलं असणार."